‘आपला’ म्हटलं की सोडायचा

डोंबिवली (पूर्व)
संक्रांतीनंतरचा बुधवार

प्रिय मैथिली,

मांडी कशी आहे? आणि आधी हे सांग, डावी की उजवी? नीलाकाकूंना तू डावी सांगितलीस आणि अपूर्वला उजवी. एकाच घरात राहणाऱ्या आईला आणि भावाला दोन वेगवेगळ्या मांड्या सांगणारी मुलगी माझी मैत्रीण आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. काकू शुक्रवारी तुझ्याकडे तिळाच्या वड्या घेऊन येतायत. त्या डब्यात तळाशी हे पत्र आहे आणि शेजारी मलमाची ट्यूब. कुठल्या मांडीला लावायचं ते एकदा नक्की ठरलं की लाव.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस का? ‘अगं ऐक ना’ म्हणतेस आणि मग मीच ऐकत बसते. मेसेज केला तर दोन निळ्या टिका उमटतात आणि पुढे शुकशुकाट. पत्राला टिका नसतात आणि मध्येच तोडायला तू समोर नसतेस. शिवाय रविवारी आपली मॅच आहे. म्हणजे आमची आणि तुमची. जूनपासून इतके महिने गेले तरी हे ‘आमची आणि तुमची’ लिहिताना हात अडखळतो बघ. लीगची शेवटची मॅच, ठाकुर्लीच्या आपल्या मैदानावर, तुझा क्रीकसाइड आणि आमचा जिद्द. तुम्हाला बरोबरी पुरे, आम्हाला जिंकायलाच हवं, आणि जिंकलो तर वरच्या गटात आम्ही! इथे सगळे असे पेटलेत की यंदा थंडी आली कधी नि गेली कधी, कुणाच्या लक्षात नाही. सलिल सरांनी तर परवा चक्क शिट्टी वाजवायच्या ऐवजी तोंडात खडू धरला. अपूर्व तुला इथल्या बातम्या तुकड्या-तुकड्यांनी देत असणार, आणि तो देतो म्हणजे मीठमसाला लावूनच. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगावं.

तू गेल्यापासून मैदानावर एकच विषय आहे. आम्ही इकडे घाम गाळतो आणि तिकडे चिंचेखाली तुझ्यावर चर्चासत्र चालतं. अध्यक्ष अर्थात भाऊ. घडीची खुर्ची तीच, कॉर्नरच्या झेंड्याजवळची जागा तीच. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण ड्राफ्ट्समनचा हात स्वस्थ बसत नाही. काडी घेऊन मातीत आकृती काढतात. हा गोल, हा नऊ नंबर, मधली सरळ रेघ म्हणजे मैथिली. मग ती रेघ चपलेने पुसतात आणि पार मागे एक टिंब काढतात. ‘हे बघा, इथे उभी केली आहे तिला. चार नंबर देऊन. पुरणपोळी करणारीला फुलके लाटायला बसवलं आहे त्या लोकांनी!’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही हसलो. आता त्यांनी ‘पुर’ म्हटलं की सगळ्या पोरी मिळून पुढचं वाक्य पूर्ण करतात. आणि एक सांगून ठेवते, ते अजूनही तुझ्या क्लबला क्रिकेटसाइड म्हणतात. आधी मला वाटलं चुकून म्हणतात.

विरोधी पक्षात जगन. शाळेची व्हॅन रिकामी झाली की तो थेट मैदानावर येतो. तुझी प्रत्येक मॅच तो मोबाइलवर बघतो आणि प्रत्येक मॅचनंतर तुला मोडीत काढतो. ‘गोल किती? झिरो. मॅटर खतम. टर्फवर गेली नि शायनिंग मारायला लागली. पायात पाय घालायची तिची आता डेरिंग नाय राहिली.’ भाऊ म्हणतात, ‘मूर्खा, बॅकचे गोल मोजतात का?’ जगन म्हणतो, ‘मग बॅकला गेली कशाला?’ भाऊ म्हणतात, ‘तेच तर मी सांगतो आहे!’ आणि दोघं एकाच बाजूचे असल्याचं लक्षात आल्यावर लगेच नवीन भांडण शोधतात. फाटकाजवळच्या भज्यांच्या गाडीवरून रंगूबाई कढईत झारा फिरवत फक्त एवढंच विचारते, ‘पोर बारीक झाली का रं?’ तिच्या मते फुटबॉलमधल्या सगळ्या अडचणींचं मूळ तेच आहे. तुझा तो ऑफसाइड गोल रद्द झाला होता ना कल्याणला, त्याचंही कारण तिने तू सकाळी नुसता चहा पिऊन गेली होतीस हेच दिलं होतं.

मी या चर्चेत तोंड उघडत नाही. कुठल्या तोंडाने उघडणार? तुझी नऊ नंबरची जर्सी माझ्या अंगावर आहे. तू गेलीस आणि सरांनी मला मागून उचलून पुढे ठेवलं. मी, जिने आयुष्यात फक्त चेंडू लांब मारायचा हे एकच काम केलं, ती आता गोल मारणार म्हणे! पहिल्या काही मॅचेसमध्ये मी काय दिवे लावले ते विचारू नकोस. समोर मोकळा गोल असताना सवयीने चेंडू बाहेर फेकला, आणि वर ‘क्लिअर!’ म्हणून ओरडलेसुद्धा. माझी स्वतःची आई हसली. तेव्हापासून माझं नाव उत्तरा नाही, ‘मैथिली असती तर’ असं पडलंय. पास चुकला, मैथिली असती तर. गोल हुकला, मैथिली असती तर. गोल झाला तरी भाऊ म्हणतात, छान, पण मैथिली असती तर डाव्या पायाने केला असता. खूप राग यायचा मला. तुझा नाही गं, त्या जर्सीचा. ती मला मापाला बरोबर बसते, तरी उसनी वाटते.

आता जरा मागे जाऊ दे. तुला ती संध्याकाळ आठवते का, आपण दोघी उंच चेंडूखाली एकाच वेळी ‘माझा! माझा!’ ओरडत धावलो होतो? तुझ्या भुवईला टाका पडला आणि माझ्या पुढच्या दाताचा कोपरा गेला. रंगूबाईने हळद आणली, तुझ्या भुवईला लावली आणि उरलेली माझ्या ओठाला. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, आजपासून या मैदानावर ‘माझा’ हा शब्द बंद. जिला चेंडू घ्यायचा आहे तिने ‘आपला!’ ओरडायचं, आणि तो ऐकला की बाकीच्यांनी सोडायचा. आधी कशी फजिती झाली आपली! पण एकदा अंगवळणी पडल्यावर त्याची मजा यायला लागली. समोरच्या टीमला वाटायचं, या पोरी ‘आपला’ म्हणतायत म्हणजे सगळ्या मिळून येणार, आणि इथे नेमकी एकटीच यायची. तुझ्या ताईच्या लग्नात ताटातल्या शेवटच्या मोदकावर तू ‘आपला!’ ओरडलीस आणि मी निमूट हात मागे घेतला, ते बघून तुझ्या आत्याने मला किती संस्कारी म्हटलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आपलं अंगण खरंच वाकडं होतं आणि आपण त्यावर नाचायचो. म्हणून तुला टर्फ मिळालं, नोकरी मिळाली, घोडबंदरला राहायला जागा मिळाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. झाला, खूप झाला. आणि तरी तू गेलीस त्या आठवड्यात मी एकदाही मैदानावर गेले नाही. भाऊंनीही खुर्ची आणली नाही. रंगूबाई गाडी लावायची, पण तिच्याकडे खायला कोण येणार? सर एकटेच शंकू मांडायचे आणि उचलायचे.

आता खरी बातमी. बसली आहेस ना? नसशील तर बस, कुठली का मांडी असेना. गेल्या रविवारी तुमची कल्याणच्या टीमशी मॅच झाली, तेव्हा आम्ही तिथे होतो.

हो, आम्ही! मी, भाऊ, जगन आणि रंगूबाई. झालं असं की शनिवारी चिंचेखाली वाद इतका चढला की भाऊ खुर्चीवरून उठून म्हणाले, ‘मोबाइलवर काय कळतं? जाऊन बघू या, पुरावा समोर असू दे.’ जगन म्हणाला, ‘व्हॅन काढतो. पण ती खराब खेळली तर तुम्ही तोंड बंद ठेवायचं.’ रंगूबाईने दुसऱ्या दिवशीची गाडी बंद ठेवायचं जाहीर केलं, आणि तिने गाडी बंद ठेवली म्हणजे प्रकरण किती गंभीर ते तुला कळलं असेल. तुला कळू द्यायचं नाही अशी सगळ्यांनी शपथ घेतली. भाऊ वेषांतर म्हणून माकडटोपी घालून आले, दुपारी, उन्हात! शाळेच्या त्या पिवळ्या व्हॅनमध्ये छोट्या मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही बसलो. डोंबिवलीच्या मानपाड्यावरून भाऊंना उचललं, पुढे ट्रॅफिकच ट्रॅफिक. रंगूबाईला डुलकी लागली. घोडबंदर रोडवर मुंगीच्या पावलाने सरकत असताना ती जागी झाली आणि विचारलं, कुठे आलो? जगन म्हणाला, मानपाडा. ती ताडकन उठून बसली. ‘आरं, निघालो मानपाड्यावरून आन आलो बी मानपाड्यालाच? मंग फिरलो कनाला?’ ठाण्यातही एक मानपाडा आहे हे तिला पटवण्यात आमचा पुढचा सगळा सिग्नल गेला. अजूनही पटलेलं नाही. जगनने पेट्रोल फुकट घालवलं असंच ती गावभर सांगते.

पोचलो तर मॅच सुरू झाली होती. काय गं ते मैदान! हिरवंगार, सपाट, एक खडा नाही. तुमच्या त्या उंच-उंच बिल्डिंगांच्या सावलीत आम्ही मागच्या पायरीवर दबकून बसलो. तू दिसलीस आणि रंगूबाईने पहिलं वाक्य टाकलं, ‘बारीक झालीय.’ तिचा मुद्दा तिथेच सिद्ध झाला, पुढची मॅच तिने शांतपणे बघितली. भाऊ आणि जगन मात्र एकमेकांच्या कानात फुसफुसत होते. पुढच्या पायरीवर तुमच्या सोसायटीतले दोघं जण बसले होते, गॉगल वगैरे लावून. त्यांचीही तुझ्यावरच चर्चा! एक म्हणाला, ही चार नंबर स्लो आहे, हिला कशाला आणली डोंबिवलीहून. मैथिली, मी जगनकडे बघितलं. स्लो, अगदी हाच शब्द त्याने आदल्या दिवशी मला ऐकवला होता. आणि हा पठ्ठ्या ताडकन उभा! ‘ओ शेठ, तिला स्लो बोलायचं काम नाय. पोझिशन बघा तिची, पोझिशन! फुटबॉल कळतो का तुम्हाला?’ मी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. भाऊ माकडटोपीच्या आत खुदखुदत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, पण इथे बाब्याला कार्टं म्हणायचा हक्कही आम्ही आमच्याचकडे ठेवलाय, बाहेरच्याने म्हणून बघावं!

आणि मी काय बघत होते, सांगू? मी मला बघत होते. तुझ्यावर एक उंच पोरगी चेंडू घेऊन चालून आली. तू तिच्या अंगावर गेली नाहीस. आडवी उभी राहिलीस, डावा खांदा खाली, आणि तिला हळूहळू रेषेकडे नेलंस, जिथे तिला जायचं नव्हतं तिथे. अगं, हा माझा डाव! आणि डाव्या हाताने स्वतःच्याच चड्डीची कड घट्ट धरलेली, समोरचीची जर्सी ओढायचा मोह होऊ नये म्हणून. ही तर माझी खोड! सर त्यावरून माझी किती चेष्टा करायचे. इतकी वर्षं सरावात मी तुला अडवत आले, आणि तू मला चुकवून पळता पळता ते सगळं चोरून नेलंस, मला पत्ताच नाही! मी इकडे रात्रंदिवस तुझ्यासारखं वळायला शिकतेय, चेंडू छातीवर घेऊन डावीकडे खोटं झुकायला शिकतेय, आणि तू तिकडे मी होऊन उभी! मला इतका आनंद झाला की मी भाऊंच्या पाठीत गुद्दा घातला. ते म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, फुलके नाहीत भाऊ, फुलके नाहीत! त्यांना काही कळलं नाही.

मग ते झालं. तुला आठवत असेल, कदाचित विसरायचं असेल, पण मी लिहिणारच. दुसऱ्या हाफमध्ये तुमच्या गोलसमोर एक उंच चेंडू आला. तू मागे मागे गेलीस, हात पसरलेस, आणि ओरडलीस, ‘आपला!’

मैथिली, एवढ्या मोठ्या मैदानावर तो आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट आला. तुमच्या त्या गोलकीपरला बिचारीला काय कळणार? तिला वाटलं, सगळ्यांनी या. ती आली, दुसरी बॅकही आली, तिघी एकमेकींवर आदळलात आणि चेंडू टपाटप उड्या मारत गोलमध्ये गेला. गॉगलवाले कपाळाला हात लावून ओरडायला लागले. तू जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. तुझे कोच काहीतरी हातवारे करत होते. आणि आम्ही चौघं, तुला खरं सांगते, आम्ही चौघं उभे राहिलो होतो. गोल तुमच्यावर झाला होता आणि जगन शिट्टी वाजवत होता. रंगूबाई पदराने डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता मलाच दटावत होती, ‘तू कनाला रडतंस?’ भाऊंनी माकडटोपी काढली. मग म्हणाले, ‘सोडलेलं नाही पोरीने.’

पुढचं तुला माहीतच आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यानंतर तू जी काही खेळलीस! तुझ्या पायातून चेंडू जाणं म्हणजे बंदच झालं. शेवटी शेवटी त्यांच्या त्या उंच पोरीकडून तू चेंडू काढून घेतलास, मान वर केलीस, आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत असा एक लांब पास टाकलास की तुमच्या पुढच्या मुलीला नुसता पाय लावायचा राहिला. बरोबरी! जगनने ओळखपाळख नसताना त्या गॉगलवाल्याला मिठी मारली. तो गॉगलवालाही मग विचारत होता, डोंबिवलीत अजून अशा आहेत का म्हणून. जगनने त्याला सांगितलं, ‘रविवारी ठाकुर्लीला या, दाखवतो.’ येताना व्हॅनमध्ये रंगूबाईने भज्यांचा डबा उघडला. तुझ्यासाठी म्हणून आणलेली भजी होती, पण तुला भेटायचं नाही अशी शपथ होती ना, मग आम्हीच खाल्ली. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. आम्हाला वाटलं, झोपले. तर म्हणाले, ‘बॅकला नेली ते एका परीने बरंच झालं. पुढे होती तेव्हा माझ्या खुर्चीपासून फार लांब खेळायची. आता निदान अर्धी मॅच समोर दिसेल.’ रविवारी त्यांनी खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवून टाकलंय. तुमचा गोल ज्या बाजूला असेल तिथे, आणि हाफ टाइमला उचलून दुसरीकडे. चिंचेखाली आता नवा वाद सुरू आहे: उत्तरा मैथिलीला चुकवेल का? जगन म्हणतो, चान्सच नाय. भाऊ म्हणतात, डाव्या बाजूने गेली तर. पहिल्यांदाच माझ्या नावाने वाद चालू आहे गं, ‘मैथिली असती तर’ या नावाने नाही. सरावाला जाताना पाय जमिनीवर ठरत नाहीत माझे!

आता सांगते हे सगळं कशासाठी लिहिलं. काल नीलाकाकू आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. सगळ्या बायका गेल्यावर मागे थांबल्या आणि म्हणाल्या, मैथिली रविवारी खेळणार नाही, पंधरा दिवस झाले मांडी धरली आहे म्हणते. पंधरा दिवस! आणि गेल्या रविवारी मी तुला पूर्ण मॅच घोड्यासारखं पळताना बघितलंय. मी हळदीकुंकवाचं तबक आवरत राहिले. मग काकूच हळूच म्हणाल्या, तिला वाटतं, आपल्या मैदानावर आता आपलं कुणी नाही, सगळे नावं ठेवतात असं अपूर्व सांगतो, आणि आपल्याच माणसांविरुद्ध कसं खेळायचं? मैथिली, नावं ठेवतात, खरंच ठेवतात, रोज ठेवतात. परक्या पोरीला कुणी सहा-सात महिने एवढ्या आवडीने नावं ठेवतं का? आणि माझं म्हणशील तर तू त्या दिवशी बाकावर बसलीस आणि आम्ही जिंकलो, तर सगळी डोंबिवली म्हणेल, मैथिली नव्हती म्हणून जिंकल्या. मग ही जर्सी जन्मभर तुझीच राहील, आणि मला ती माझी करायची आहे, तुझ्यासमोर, तुला चुकवून. म्हणून तू ये. मलमाची ट्यूब रंगूबाईला देऊन टाक, तिचे गुडघे दुखतात. पायात पाय घाल, खांदा मार, अजिबात दयामाया करू नकोस. चुकून गोल केलास तर जुन्या क्लबचा मान म्हणून हात जोडून उभी राहू नकोस, नाच, भाऊंच्या खुर्चीसमोर जाऊन नाच. आणि मॅचमध्ये एकदा तरी तुझ्या-माझ्यामध्ये उंच चेंडू येणारच. मी ‘आपला!’ म्हणून ओरडणार आहे. तूही ओरड, माझ्यापेक्षा मोठ्याने ओरड. आणि आयुष्यात पहिल्यांदा, दोघींपैकी कुणीही सोडायचा नाही.

रविवारपर्यंतच गोड बोलणारी,
तुझीच,
उत्तरा